बारी आणि शिफारस : अकलूज परिसराच्या संदर्भात रंजनाच्या निवडीचा इतिहास

रंजनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा कलाप्रकार, कलावंत आणि प्रेक्षक या तीन घटकांवर खिळलेली असते. अमुक एक कलाकृती प्रेक्षकासमोर कोणाच्या निर्णयाने आली, हा चौथा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः कोणत्याही काळातील प्रेक्षक उपलब्ध असलेल्या सर्व रंजनातून मुक्तपणे निवड करीत नसतो. त्याच्यापर्यंत काही पोचण्यापूर्वीच कोणीतरी एक निवड केलेली असते. पूर्वी हे काम आश्रयदात्याने केले, गावच्या पंचांनी केले, कंत्राटदाराने केले, पुढे आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या अधिकाऱ्यांनी केले. आज ते फार मोठ्या प्रमाणावर यूट्यूब, इन्स्टाग्राम, नेटफ्लिक्स यांसारख्या स्ट्रीमिंग आणि चित्रफीत-सेवांचे शिफारस-अल्गोरिदम करीत आहेत. या बदलामुळे ‘प्रेक्षकाला हवे ते हवे तेव्हा मिळू लागले’ असा समज रूढ झाला आहे. तो कितपत ग्राह्य आहे, याची ऐतिहासिक अंगाने छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या छाननीसाठी अकलूज आणि त्याचा परिसर घेण्यास सबळ कारणे आहेत. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात नीरा नदीच्या काठी वसलेले हे गाव वारीच्या वाटेवर आहे. आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या तुकाराममहाराजांच्या पालखीचे गोल रिंगण येथे होते. नीरा कालव्यांच्या पाण्यावर विसाव्या शतकात या भागात ऊस उभा राहिला, १९३० च्या दशकात शेजारी माळीनगर येथे साखर कारखाना निघाला आणि स्वातंत्र्योत्तर काळात शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखाली अकलूज हे सहकारी साखरधंद्याचे एक प्रमुख केंद्र बनले. भक्ती, ऊस आणि बाजार यांच्या या संगमावर फड, तंबूतील सिनेमा, कॅसेट, दूरचित्रवाणी आणि मोबाइल ही रंजनाची साधने एकामागून एक येत गेली. शिवाय, लावणीची राज्यस्तरीय स्पर्धा भरवून ‘चांगले काय’ हे जाहीरपणे ठरविण्याचा एक लक्षणीय प्रयत्न याच गावी झाला. निवडीच्या इतिहासाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

१. आश्रय, सुपारी आणि बारी

पेशवाईच्या उत्तरकाळात लावणीला दरबाराचा आणि सरदारांचा आश्रय होता. सोलापूरचा राम जोशी, तसेच होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम यांच्या रचना या काळातल्या. राम जोशी याने बारामतीच्या मोरोपंतांच्या प्रभावाने तमाशाकडून कीर्तनाकडे मोहरा वळविला, अशी परंपरा सांगते. तिची ऐतिहासिकता काहीही असो, श्रोता बदलला की कवीची वाटही बदलते, ही जाणीव तीत आहे. १८१८ नंतर दरबार गेला आणि लावणी-तमाशाला लोकाश्रयावर विसंबावे लागले.

या लोकाश्रयाचे मुख्य साधन म्हणजे गावोगावची जत्रा. ढोलकी फडाच्या तमाशाची निवड गावचे पंच करीत. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागत. यात्रांच्या तोंडावर गावकरी तेथे जात, फडमालकाशी बोलणी करीत आणि सुपारी देत. या निर्णयाचा आधार ऐकीव कीर्ती हाच असे. गेल्या साली शेजारच्या गावात कोणता वग रंगला, कोणाची सोंगाड्याची भूमिका गाजली, कोणता फड पहाटेपर्यंत टिकला, हे तोंडोतोंडी पसरत असे. ही शिफारसच होय. तथापि ती करणारा माणूस ठाऊक असे, आणि फड पडला तर गावकरी पंचांनाच जाब विचारीत.

संगीत बारीची रीत याहून निराळी. ‘बारी’ म्हणजे पाळी. सोलापूर जिल्ह्यात मोडनिंब, पुणे जिल्ह्यात चौफुला, नगरकडे जामखेड अशा ठिकाणच्या कला केंद्रांवर अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. प्रत्येक पार्टी आपल्या क्रमाने रंगमंचावर येते, बारी करते आणि दुसरीला जागा देते. एखाद्या रसिकाला त्यांतली जी पार्टी भावेल तिची खाजगी बैठक तो ठरवितो. बैठकीत फर्माईश होते, दौलतजादा होतो, आणि गाणारी श्रोत्याच्या चेहऱ्याकडे पाहून पुढची लावणी उचलते. या रीतीत दोन तत्त्वे अनुस्यूत आहेत. पहिले असे की, लोकप्रिय असो वा नसो, प्रत्येक पार्टीला आपली पाळी मिळते. पसंती ठरते ती पाळीनंतर. दुसरे असे की, रसिकाची आवड उघड मागणीतून व्यक्त होते. तो तोंडाने मागतो आणि मागितल्याची जबाबदारी घेतो.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. दौलतजादा ज्याच्या खिशात पैसा त्याच्याच हाती निवड देत असे, आणि तिचा भार ज्या स्त्रियांवर पडे त्या जातिव्यवस्थेने आधीच परिघाबाहेर लोटलेल्या समाजांतील होत्या. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनाने त्या जीवनाचे दुःख मराठी वाचकापुढे मांडले आहे. बारीचे तत्त्व न्याय्य होते, एवढ्यावरून बारीभोवतीचा समाज न्याय्य होता असे ठरत नाही.

२. शासन, यंत्र आणि मोजणी

स्वातंत्र्यानंतर निवड करणारा एक नवा घटक पुढे आला; तो म्हणजे शासन. मुंबई राज्याने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध आणले. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि प्रयोगापूर्वी संहितेचे परिनिरीक्षण होऊ लागले. याच सुमारास नभोवाणीवरही सुधारणेचे वारे होते. केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणाने १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करणे शासनास भाग पडले. फर्माईशीची पत्रे हे त्या काळातील श्रोत्याचे मतपत्र होते. पत्र लिहिण्याचे कष्ट घेणारा श्रोता आपले नाव आणि गाव कळवून एखादे गाणे मागत असे. बैठकीतील फर्माईश टपालाने जाऊ लागली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

चित्रपटाने लावणीला अफाट प्रेक्षक मिळवून दिला. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. ‘पिंजरा’ (१९७२) घरोघर पोचला. जेथे चित्रगृह नव्हते तेथे जत्रेतील तंबूत चित्रपट दाखविले जात. तंबूवाल्याच्या निवडीची कसोटी रोखठोक होती : दुसऱ्या खेळाला तंबू भरला की नाही. १९८० च्या दशकातील स्वस्त कॅसेटने उत्पादनाचा खर्च इतका उतरविला की, प्रादेशिक आणि जातीय समूहांच्या गाण्यांनाही बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेट व्यवसायावरील आपल्या १९९३ च्या ग्रंथात या विकेंद्रीकरणाची सविस्तर मीमांसा केली आहे, आणि तिचे सूत्र महाराष्ट्रालाही बव्हंशी लागू पडते.

दूरचित्रवाणीने याच्या उलट दिशा धरली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९९२ मध्ये झी आणि १९९९ मध्ये अल्फा मराठी या खाजगी वाहिन्या आल्या. जाहिरातदाराला प्रेक्षकसंख्या हवी असल्याने काही निवडक घरांत मोजणीची यंत्रे बसविली गेली आणि त्या नमुन्यावरून कार्यक्रमांचे भवितव्य ठरू लागले. ही मोजणी दीर्घकाळ शहरांपुरती होती. ग्रामीण घरांचा तीत पद्धतशीर समावेश २०१५ मध्ये बार्क संस्थेच्या मोजणीपासून झाला. म्हणजे तोपर्यंत माळशिरस तालुक्यातील खेड्याचा प्रेक्षक कार्यक्रम पाहत होता, परंतु त्याच्या पाहण्याला मोजणीत स्थान नव्हते. पुढे जे घडले ते समजून घेण्यास ही पार्श्वभूमी आवश्यक आहे. मोबाइलवर प्रथमच या प्रेक्षकाचे पाहणे नोंदले गेले, आणि तेही क्षणाक्षणाचे.

३. अकलूजची स्पर्धा : एक मानवी शिफारस

दूरचित्रवाणीच्या या विस्ताराच्या काळातच, १९९० च्या दशकात, अकलूज येथे शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ राज्यस्तरीय लावणी स्पर्धा भरू लागली. जयसिंह मोहिते-पाटील यांनी तीत पुढाकार घेतला. राज्यातील कला केंद्रांवरील पार्ट्या येथे येत, परीक्षकांसमोर लावणी सादर करीत आणि पारितोषिके मिळवीत. सहकारी कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या नेतृत्वाने, एका स्मृतिसमारंभाच्या चौकटीत, कला केंद्राच्या चार भिंतींतील कलेला जाहीर सभागृहात मान द्यावा, ही घटना सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने साधी नाही. अकलूजचे पारितोषिक ही पार्टीच्या नावापुढे लागणारी पदवी ठरली.

निवडीच्या दृष्टीने पाहता स्पर्धा हे बारी आणि शिफारस यांचे एकत्रीकरण होते. प्रवेश मिळालेल्या प्रत्येक पार्टीला पाळी होती. निकाल मात्र परीक्षकांचा. हा निकाल निर्दोष असे, असे नव्हे. रंगमंचावरील ठरावीक वेळ, परीक्षकांची ‘शुद्ध’ लावणीविषयीची कल्पना आणि मोठ्या सभागृहाला पेलेल अशी पदन्यासाची झळाळी यांकडे कलावंतांचा कल झुकणे स्वाभाविक होते. बसून, केवळ चेहरा आणि हात यांच्या अदाकारीने रंगणाऱ्या बैठकीच्या लावणीपेक्षा उभ्या लावणीला अशा ठिकाणी अधिक वाव मिळतो. तथापि परीक्षक कोण हे सर्वांना ठाऊक असते. निकाल मान्य नसेल तर वाद घालता येतो. आणि पुढच्या वर्षी पुन्हा उतरता येते. स्पर्धेने अभिरुची घडविली, पण आपण ती घडवीत आहोत हे तिने लपविले नाही.

४. मागितलेले आणि पाहिलेले

शिफारस करणाऱ्या यंत्रांचा इतिहास तीन दशकांचा आहे. १९९२ मध्ये झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातील टॅपेस्ट्री या प्रणालीने, आणि १९९४ मध्ये ग्रूपलेन्स या प्रकल्पाने, एक साधी कल्पना राबविली : ज्यांची मते पूर्वी जुळली त्यांची पुढेही जुळतील. वाचक मजकुराला गुण देत आणि समान गुण देणाऱ्यांच्या पसंतीवरून यंत्र अंदाज बांधी. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये आपल्या अंदाजाची अचूकता दहा टक्क्यांनी वाढविणाऱ्यास दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ते २००९ मध्ये दिले गेले. ही स्पर्धा प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांवरच आधारलेली होती. म्हणजे येथवर यंत्राचा आधार प्रेक्षकाने विचारपूर्वक सांगितलेले मत हाच होता. बैठकीतील फर्माईश आणि विविध भारतीचे पत्र यांच्याशी त्याचे नाते अद्याप तुटलेले नव्हते.

ते नाते पुढील काही वर्षांत तुटले. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशीची कसोटी बदलली. चित्रफीत किती वेळा उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली याला महत्त्व आले. त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या यंत्रणेचे दोन टप्पे वर्णिले आहेत : प्रथम लक्षावधी चित्रफितींतून काहीशे संभाव्य चित्रफिती वेगळ्या काढणे, आणि नंतर पाहण्याच्या अपेक्षित कालावधीनुसार त्यांचा क्रम लावणे. यूट्यूबवर खर्च होणाऱ्या वेळापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींमुळे खर्च होतो, असे कंपनीच्या वतीने २०१८ मध्ये सांगण्यात आले. सारांश, प्रेक्षकाने काय मागितले याऐवजी त्याने काय पाहिले, कोठे थांबला आणि कोठून पुढे सरकला, हा निवडीचा आधार झाला.

मागणे आणि पाहणे यांतील हा भेद या विवेचनाचा गाभा होय. माणूस जे पाहत राहतो ते सर्व तो मागेलच असे नाही. आणि जे तो मागेल त्यातील पुष्कळसे पाहण्यास त्याला सवड, संयम किंवा संगत लागते. फर्माईश करणारा रसिक आपल्या आवडीचा उच्चार चारचौघांत करीत असे, त्यामुळे ती आवड कसाला लागे. पाहण्याच्या नोंदीत उच्चारही नाही आणि चारचौघेही नाहीत.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही व्यवस्था फार वेगाने आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर माहिती-वहनाचे दर झपाट्याने उतरले आणि मोबाइलवर चित्रफिती पाहणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. टिकटॉकने पुढे आणखी एक पाऊल टाकले. तेथे प्रेक्षकाने काही निवडण्याचीही गरज उरली नाही. एक चित्रफीत संपली की दुसरी समोर येई. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी त्या सेवेवर बंदी घातली, परंतु तिचा घाट इन्स्टाग्रामच्या रील्सने आणि यूट्यूबच्या शॉर्ट्सने त्याच वर्षी उचलला.

५. परिणाम

१९७२ प्रमाणे २०२० हे वर्षही रंजनाच्या इतिहासात सीमारेषा मानावे लागेल. करोनाच्या साथीत जत्रा रद्द झाल्या, फड आणि कला केंद्रे बंद पडली आणि हजारो लोककलावंतांची उपजीविका थांबली. त्याच वर्षी टिकटॉकच्या बंदीमुळे खेड्यापाड्यांतील असंख्य हौशी कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. पहिल्या आपत्तीत गाव आपल्या फडाला ओळखत तरी होते. दुसरीत कलावंताजवळ आपल्या प्रेक्षकांचा पत्ताही नव्हता.

रूपावरील परिणाम त्याहून सूक्ष्म आहे. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुनःपुन्हा म्हटली जाते, आणि प्रत्येक वेळी अदा बदलून तिचा निराळा अर्थ उलगडला जातो. तिचे सौंदर्य पुनरुक्तीत आणि विलंबात आहे. अंगठ्याने पुढे सरकविता येणाऱ्या उभ्या, आखूड चित्रफितीचे भवितव्य मात्र पहिल्या काही क्षणांत ठरते. अशा चौकटीत मुखडा, ढोलकीची उठावण आणि चित्रपटगीतावरील ठेका टिकतो. अंतऱ्यातील अर्थ टिकत नाही. ‘नटरंग’ (२०१०) नंतर रूढ झालेला चित्रपटीय पदन्यास या चौकटीला सहज मानवला.

२०२२ पासून गौतमी पाटील या नर्तिकेच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर प्रचंड प्रमाणात पसरल्या आणि लावणीच्या मर्यादेविषयी मोठा वाद झाला. ज्येष्ठ लावणी कलावंतांनीही त्यात भाग घेतला. हा वाद १९४० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या वादाची आठवण करून देतो. दोन्ही वेळी प्रश्न अश्लीलतेचा होता आणि आरोपीच्या पिंजऱ्यात नाचणारी स्त्री होती. फरक इतकाच की, त्या चित्रफिती लक्षावधी पडद्यांवर कोणत्या गणिताने पोचल्या, हे या वेळी क्वचितच विचारले गेले. पूर्वी सुपारी देणारे पंच आणि परवाना देणारे अधिकारी यांनाही त्या वादात ओढता येत असे. आता निवड करणारा दिसत नसल्यामुळे सारा दोष दिसणाऱ्यावर येऊन पडतो.

अर्थप्राप्तीचा प्रश्न याला जोडूनच आहे. भारतीय प्रताधिकार कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीपासून सादरकर्त्याचे अधिकार मान्य केले असून २०१२ मध्ये ते अधिक विस्तृत केले. तथापि चित्रफिती ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा नोंदलेल्या ध्वनिमुद्रणाचा मालक ओळखते. कला केंद्रावर गाणाऱ्या पार्टीचे गाणे प्रेक्षकाच्या मोबाइलमधून वर गेले तर तिची नोंद कोठेच नसते. दौलतजादा कितीही असमान असला तरी तो गाणारीच्या हाती पडत असे.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. यमुनाबाई वाईकर, विठाबाई नारायणगावकर, सुलोचना चव्हाण यांचे जे गायन पूर्वी संग्राहकांच्या कपाटात किंवा आकाशवाणीच्या भांडारात शोधावे लागे, त्यातील बरेच आज खेड्यातील विद्यार्थ्यालाही ऐकता येते. ‘गावाकडच्या गोष्टी’सारख्या मालिकेने मुंबईच्या वाहिनीचे दार न ठोठावता ग्रामीण बोलीतील कथा लोकांपर्यंत नेली. कुटुंबात उघडपणे लावणी ऐकण्याची मोकळीक नसलेल्या स्त्रीला ती एकांतात ऐकता येऊ लागली, हाही लहान लाभ नव्हे. तेव्हा यंत्राने अभिरुची बिघडविली, असा सरधोपट निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

अडचण आहे ती पाळीची. जी कृती फार थोड्यांनी पाहिली आहे तिच्याविषयी यंत्राजवळ पुरावा नसतो. पुरावा नाही म्हणून ती दाखविली जात नाही, आणि दाखविली जात नाही म्हणून पुरावा जमत नाही. या चक्राची अभियंत्यांना चांगली जाणीव आहे, आणि म्हणून अपरिचित कृतींनाही अधूनमधून संधी देण्याची तरतूद ते यंत्रात करतात. ती पाहून बारीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. परंतु तेथे संधी दिली जाते ती यंत्राला अधिक शिकता यावे म्हणून. कला केंद्रावरील पाळी हा पार्टीचा हक्क असे, आणि ती चुकली तर भांडण होई.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रेक्षकासाठी दुसऱ्या कोणी निवड करणे ही नवी घटना नाही. नवीन आहे ते निवड करणाऱ्याचे उत्तरदायित्व नाहीसे होणे. पंचांना चावडीवर, परीक्षकांना सभागृहात, मंत्र्याला विधिमंडळात जाब विचारता येत होता. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने फार मोठ्या सेवांवर दोन बंधने घातली आहेत : शिफारशीचे मुख्य निकष उघड करणे, आणि वैयक्तिक माहितीवर न बेतलेल्या शिफारशीचा निदान एक पर्याय देणे. भारताच्या २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांचा भर मात्र आशयाचे वर्गीकरण आणि तक्रारनिवारण यांवर आहे. म्हणजे तमाशा सुधार समितीच्या काळाप्रमाणेच आजही काय दाखविले याची चौकशी अधिक आणि का दाखविले याची कमी, अशी स्थिती आहे.

इतिहासाच्या अभ्यासकासमोर यातून एक निकडीचा प्रश्न उभा राहतो. जत्रेतील फडाची सुपारी, चित्रपटाचे आठवडे, नभोवाणीचे कार्यक्रमपत्रक, अकलूजच्या स्पर्धेचे निकाल या सर्वांच्या काही ना काही खुणा कागदावर किंवा स्मरणात उरतात. एका घरातील दोन माणसांच्या पडद्यांवर एकाच रात्री जे वेगवेगळे उमटते आणि लागलीच नाहीसे होते, त्याची खूण कोठेही उरत नाही. पन्नास वर्षांनंतर माळशिरस तालुक्यातील माणसे २०२० च्या दशकात कशाने रंजित होत होती, हे शोधू पाहणाऱ्यास ती नोंद केवळ कंपन्यांच्या भांडारात असेल, आणि ते भांडार त्याला उघडे असेलच असे नाही. म्हणून मोडनिंबसारख्या केंद्रांवरील पार्ट्यांच्या बाऱ्यांची यादी, स्पर्धेतील परीक्षकांच्या आणि कलावंतांच्या मुलाखती, आणि सामान्य कुटुंबांनी स्वखुशीने दिलेल्या आपल्या पाहण्याच्या नोंदी यांचा संग्रह आजच हाती घेणे अवश्य आहे. ज्यांनी बारी करण्यात आयुष्य वेचले अशा स्त्रियांची पिढी झपाट्याने मागे सरत आहे. त्यांच्या साक्षीशिवाय या इतिहासाचा पूर्वार्धही अपुरा राहील.